नळीत फुंकल्यानंतर

ठाण्यात येऊरला जायचा आणि यायचा रस्ता एकच. उपवन तलावाच्या अंगाने वर चढायचं, उतरतानाही तिथूनच. त्यामुळे गटारीला आणि एकतीस डिसेंबरला वाहतूक पोलिसांना जागा शोधत बसावी लागत नाही. पायथ्याशी बॅरिकेड लावले की वरच्या बंगल्यांतून आणि हॉटेलांतून उतरणारा प्रत्येक जण समोर येतोच. बॅरिकेड सरळ रेषेत नसतात. एक डावीकडून, पुढचा उजवीकडून, म्हणजे बाइकवाल्याला वेग तोडूनच वळावं लागतं. आणि ते वळणाच्या आड लावतात. लांबून दिवे दिसले तर माणूस आल्या पावली परत फिरतो.

गटारीच्या रात्री या नाकाबंदीवर उभं राहून पाहण्यासारखं बरंच असतं. पहिली गोष्ट म्हणजे, श्वासातली दारू मोजणारं यंत्र सगळ्यांच्या तोंडाला लावत नाहीत. आधी हवालदार वाकून विचारतो, “काच खाली घ्या साहेब. कुठून आलात?” उत्तराशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. त्याचं लक्ष असतं जिभेकडे आणि गाडीतून येणाऱ्या वासाकडे. बायको-मुलं मागे बसलेली आणि चालवणारा नीट बोलतोय, तर “चला, पुढे घ्या.” शंका आली की मात्र, “गाडी बाजूला. चावी काढा.”

मग नळी निघते. प्रत्येकाला नवी, बंद पाकिटातली, त्याच्यासमोर फोडलेली. यंत्र आधी शून्यावर येऊ द्यायचं, मग फुंकायला सांगायचं. “मोठा श्वास घ्या. फुंका. अजून, अजून, अजून...” बीप वाजेपर्यंत हा घोष चालतो. कुणी गाल फुगवून हवा ओठांच्या कडेने सोडतो, कुणी फुंकण्याऐवजी आत ओढतो. हवेचा जोर पुरेसा नसला की यंत्र नमुनाच घेत नाही, पुन्हा पहिल्यापासून. ‘अजून’ म्हणण्याचं कारण असं की सुरुवातीची हवा तोंडातली आणि घशातली असते. रक्तातल्या दारूचा अंदाज येतो तो फुप्फुसाच्या तळातून निघालेल्या हवेवरून. यंत्रातल्या सेलमध्ये प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण होतं, त्यातून वीज निर्माण होते, आणि त्या विजेवरून आकडा येतो. श्वासातलं प्रमाण आणि रक्तातलं प्रमाण यांचं नातं साधारण १ ला २,१०० असं धरलेलं आहे. वेलची, पान, बडीशेप यांनी हवालदाराचं नाक फसेल. या सेलला वासाशी कर्तव्यच नाही. माउथवॉशच्या चुळा भरून येणाऱ्यांची तर उलटी गंमत. कित्येक माउथवॉशमध्ये अल्कोहोलच असतं. तोंडात राहिलेलं हे अल्कोहोल पंधरा मिनिटांत निघून जातं, म्हणून शंका असेल तिथे थांबून पुन्हा फुंकायला लावणं योग्य.

कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. “बिअरच घेतली हो” हे वाक्य या नाक्यावर सगळ्यात जास्त ऐकू येतं. ७० किलोच्या पुरुषाचा ढोबळ हिशेब मांडू. स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची एक बाटली, आठ टक्क्यांची, पोटात गेली की आकडा ऐंशीच्या घरात जातो. एक क्वार्टर रिचवली तर सव्वाशेच्या आसपास. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम उतरवतं, आणि कॉफीने, लिंबूपाण्याने किंवा गार पाण्याच्या आंघोळीने तो वेग वाढत नाही. म्हणजे रात्री बाराला क्वार्टर संपवून झोपलेला माणूस सकाळी सहाला दूध आणायला बाइक काढतो, तेव्हाही तो बहुधा तिसाच्या वरच असतो. स्वतःला मात्र तो ठणठणीत वाटतो.

बीप वाजल्यावर खरं काम सुरू होतं, आणि ते कंटाळवाणं असतं. यंत्रातून चिठ्ठी निघते, त्यावर सही घ्यायची. लायसन ताब्यात. नळीत फुंकायलाच नकार दिला तर संशयावरून वॉरंटशिवाय अटक करता येते, पुढे रक्ताची तपासणी. आणि गाडीचं काय? पिणाऱ्याच्या हाती द्यायची नाही, रस्त्यावर सोडायची नाही. कधी गाडीतले चौघेच्या चौघे झिंगलेले. मग घरी फोन. एका बावीस-तेवीस वर्षांच्या पोराने वडिलांना सोडून थोरल्या भावाला बोलावलं. भाऊ रेनकोट चढवून वागळे इस्टेटहून रिक्षाने आला. गळ्यात तुळशीची माळ. हवालदाराने नवं पाकीट फोडलं.

“माळ घातलीय साहेब.”

“असू दे दादा. फुंका.”

शून्य आलं, तेव्हाच चावी त्याच्या हातात पडली. मला हा सगळ्या रात्रीतला सर्वांत शहाणा क्षण वाटला.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खालची केस जागेवर दंड भरून मिटत नाही. कोर्टात जावंच लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर १५,००० रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. बंगला भाड्याने घेऊन बसलेल्या टोळक्याला दहा हजारांचं काही वाटत नाही. बोचतं ते लायसन. दोषी ठरल्यास किमान सहा महिने ते गमावावं लागतं. पण तेही सगळ्यांना सारखं बोचत नाही. मोटारवाला ड्रायव्हर ठेवतो, टेम्पोवाल्याची चूल बंद होते. आणि बारच्या दारात झोकांड्या खाणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हाती गाडीची चावी अदबीने ठेवणारा व्हॅले? त्याला आणि त्याच्या मालकाला नाक्यावर कुणी काही विचारत नाही.

त्या छोट्या चिठ्ठीचं मोल पुण्यातल्या प्रकरणानंतर मला जास्त कळलं. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला पोर्श गाडीने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाचं रक्त घेतलं गेलं ते कित्येक तासांनी, आणि तो नमुनाच बदलल्याच्या आरोपाखाली ससून रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली. रस्त्यावर, चारचौघांत, त्याच मिनिटाला छापून निघालेल्या आकड्यात अशी अदलाबदल करणं अवघड.

तरीही नाकाबंदी हा उशिराचा उपाय आहे. रेल्वेत लोको पायलटला गाडीवर चढण्याआधी, हजेरी लावतानाच फुंकावं लागतं. आपण मात्र माणूस घाट उतरून खाली आल्यावर त्याला थांबवतो, आणि तोवर वाटेत कुणी आडवं आलं नाही हे निव्वळ नशीब.

तेव्हा गटारीला येऊर गाठायचंच असेल तर गाडी घरी ठेवा आणि परतीच्या रिक्षाचं दुपारीच बोलून ठेवा; मध्यरात्री वर यायला रिक्षावाले सहसा तयार होत नाहीत. गाडी न्यायचीच असेल, तर न पिणारा कोण हे पहिली बाटली उघडण्याआधी ठरवा आणि चावी त्याच्या खिशात टाका. सकाळी घाईने निघायचं असेल, तर तासांचा हिशेब आधी करा.