काचेची किटली घेताना

काचेच्या ग्लासात कढत चहा ओतायचा असेल, तर आधी त्यात धातूचा चमचा ठेवावा, ही युक्ती तुम्ही घरात पाहिली असेल. ती न पाळल्यामुळे टचकन तडकलेला एखादा ग्लासही पाहिला असेल. अशा घरात उद्या कोणी म्हणाले, की चहाच्या पाण्यासाठी विजेवर चालणारी काचेची किटली आणू या, तर आजी काय म्हणेल? "अरे, काचेत कुठे पाणी उकळतात का? फुटेल की ती!"

आजीला हसू नका. तिची शंका अगदी शास्त्रीय आहे. काच उष्णतेची दुर्वाहक असते. ग्लासात कढत चहा पडला, की आतला पृष्ठभाग तापून प्रसरण पावू लागतो. बाहेरचा मात्र थंडच असतो. या ओढाताणीत काच तडकते. म्हणूनच जाड बुडाचा भक्कम दिसणारा ग्लास पातळ ग्लासापेक्षा लवकर दगा देतो.

मग किटलीची काच का टिकते? कारण ती वेगळी असते. खिडकीची किंवा बरणीची काच वाळू, सोडा आणि चुनखडी यांपासून करतात. किटलीच्या चांगल्या काचेत सुमारे ८० टक्के सिलिका आणि सुमारे १३ टक्के बोरॉनचे ऑक्साइड असते. हीच बोरोसिलिकेट काच. तुमच्या प्रयोगशाळेतील चांगली चंचुपात्रे आणि परीक्षानळ्या हिच्याच असतात. एक मीटर लांबीची साधी काच १०० अंशांनी तापवली, तर ती सुमारे ०.९ मिलिमीटर वाढते. बोरोसिलिकेट काच तेवढ्याच तापमानवाढीने केवळ ०.३३ मिलिमीटर वाढते. प्रसरणच कमी, म्हणून ओढाताणही कमी.

ही काच स्वयंपाकघरात कशी आली, त्याची हकिकत मजेदार आहे. अमेरिकेत कॉर्निंग येथील काच-कारखान्यात जेसी लिटलटन हे पदार्थवैज्ञानिक काम करीत. १९१३ साली त्यांच्या पत्नी बेसी यांचे भट्टीत ठेवण्याचे भांडे तडकले. त्यांनी पतीला कारखान्यातील मजबूत काचेचे काहीतरी आणायला सांगितले. लिटलटन यांनी बॅटरीसाठी बनवलेल्या काचेच्या बरणीचा तळ कापून आणला आणि बेसीबाईंनी त्यात चक्क केक भाजला! पुढे १९१५ साली 'पायरेक्स' नावाची भांडी बाजारात आली.

तेव्हा दुकानात गेल्यावर खोक्यावर 'बोरोसिलिकेट' हा शब्द शोधा. नुसत्या डोळ्यांनी दोन काचांतला फरक ओळखता येत नाही. पण एवढ्यावर थांबू नका. 'काचेची किटली' या नावामुळे आपण फक्त काचेकडे पाहत राहतो, आणि खरी परीक्षा असते ती दुसरीकडेच.

किटली उचलून तिचा तळ पाहा. तो काचेचा नाही, स्टेनलेस स्टीलचा आहे. तापणारी विजेची तार एका नळीत बसवून ती नळी या तळाला खालून जोडलेली असते. म्हणजे पाणी तापवते ते स्टील. काच केवळ भिंतीचे काम करते. आता गंमत अशी, की स्टील त्याच्या प्रकारानुसार या काचेच्या तीन ते पाच पट प्रसरण पावते. दोन्ही घट्ट चिकटवून टाकली, तर आजीचे म्हणणे खरे ठरेल. म्हणून मध्ये सिलिकोन रबराचे लवचीक कडे असते. हा सांधा हाच काचेच्या किटलीचा नाजूक भाग. तो सगळीकडे सारखा बसला आहे का, हे बोट फिरवून पाहा. घरी आणल्यावर पहिल्यांदा थंड पाणी भरून ती कोरड्या कागदावर तासभर ठेवा. कागद ओला झाला, तर किटली परत करायची, मग ती कितीही सुंदर असो.

आता झाकण आणि बटण. पाणी उकळले की बटण टक् करून आपोआप बंद होते. किटलीला हे कळते कसे? पाण्याला उकळी आली, की वाफ एका बारीक वाटेने बटणाजवळ जाते. तिथे द्विधातूची एक चकती असते. एकमेकींना जोडलेल्या दोन धातू कमी-अधिक प्रसरण पावतात, म्हणून तापल्यावर ती झटकन उलट बाजूला वाकते आणि बटण ढकलते. द्विधातूची पट्टी अठराव्या शतकात जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीने घड्याळासाठी योजली होती. वाफेने आपोआप बंद होणारी किटली रसेल हॉब्ज या इंग्रज कंपनीने १९५५ साली आणली.

यात एक खुबी आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. तिथे पाणी साधारण ९५.५ अंश सेल्सिअसलाच उकळते. १०० अंश झाल्यावरच बंद होणारी किटली तिथे कधीच बंद झाली नसती! पण ही चकती शंभराच्या खालीच वाकेल अशी केलेली असते आणि तिला फक्त वाफेची वाट पाहायची असते. म्हणून किटली तिथेही वेळेवर थांबते. मात्र झाकण उघडे राहिले, तर वाफ वरच्यावर निघून जाते, चकतीपर्यंत पोचत नाही आणि पाणी उकळतच राहते. तेव्हा झाकण खटकन घट्ट बसते का, हे दुकानातच पाहावे. पाणी संपल्यावर तळ जास्त तापताच वीज तोडणारी दुसरी व्यवस्थाही हवी. ती आहे की नाही, हे खोक्यावर लिहिलेले असते.

खोक्यावर आणखी एक आकडा असतो, बहुधा १,५०० वॅट. एक लिटर पाणी २५ अंशांपासून १०० अंशांपर्यंत नेण्यास ७५ × ४,२०० म्हणजे ३,१५,००० जूल उष्णता लागते. याला १,५०० ने भागले, तर २१० सेकंद, म्हणजे साडेतीन मिनिटे होतात. थोडी उष्णता बाहेर जाते, म्हणून प्रत्यक्षात थोडा अधिक वेळ लागतो. गावात विजेचा दाब २३० व्होल्टवरून १८० वर उतरला, तर शक्ती दाबाच्या वर्गाप्रमाणे घटून सुमारे ९२० वॅट उरते आणि हाच हिशेब पावणेसहा मिनिटांवर जातो. किटली बिघडली असे समजून दुकानदाराशी भांडू नका!

पण घरातला प्लग मात्र पाहाच. १,५०० ला २३० ने भागा: साडेसहा अँपिअर. भिंतीवरची लहान खोबण ६ अँपिअरची असते. तिच्यावर ही किटली लावणे, किंवा मोठ्या पिनांची किटली जोडपिन वापरून लहान खोबणीत घुसवणे, हा खेळ धोक्याचा आहे. प्रवाह दुप्पट झाला तर तारेतील उष्णता चौपट होते, हे लक्षात ठेवा. १६ अँपिअरची खोबण, तीन पिना, नीट केलेले अर्थिंग आणि आयएसआय चिन्ह, यांत तडजोड नको. घरात मोठी खोबण नसेल, तर कमी वॅटची किटली घ्यावी. दोन मिनिटे जास्त लागतील, इतकेच.

काच घेण्याचा खरा फायदा कोणता? उकळी दिसते! आधी तळाशी बारीक बुडबुडे येतात, ते पाण्यात विरघळलेल्या हवेचे. मग वाफेचे बुडबुडे वर चढताना थंड पाण्यात विरून जातात आणि किटली गुणगुणू लागते. शेवटी खळखळाट. चीनमध्ये आठव्या शतकात लू यू यांनी चहावरच्या ग्रंथात उकळीच्या अशाच तीन अवस्था वर्णिल्या आहेत: माशाच्या डोळ्यांसारखे बुडबुडे, मोत्यांच्या माळा आणि लाटा. त्यांच्याजवळ तापमापक नव्हता. ग्रीन टी साधारण ८० अंशांच्या पाण्यात चांगला लागतो, कढत पाण्यात तो कडवट होतो. असा चहा पिणाऱ्याला ही पारदर्शक भिंत उपयोगाची. काळ्या चहाच्या पत्तीला मात्र उकळते पाणीच लागते.

आणि आपला दूध घालून उकळलेला चहा? तो किटलीत मुळीच करू नये. दुधातील प्रथिने तापलेल्या तळाला चिकटून करपतात, दूध उतू जाऊन फेस वाफेच्या वाटेत शिरतो आणि चकती निकामी होऊ शकते. ज्या घरात सगळेच आले घातलेला दाट चहा पितात, तिथे पातेलेच बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी वापरत असाल, तर काही आठवड्यांत तळावर पांढरा थर दिसेल. तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. स्टीलच्या किटलीत तो लपून राहतो, काचेतून लगेच दिसतो. पाण्यात लिंबाचा रस किंवा थोडे व्हिनेगर घालून ते कोमट करा, अर्धा तास राहू द्या आणि जवळून पाहा: थरावरून बारीक बुडबुडे निघू लागतील. हे बुडबुडे हवेचे नाहीत आणि वाफेचेही नाहीत, ते कार्बन डायऑक्साइडचे आहेत. नंतर किटली दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा; तळाखालचा विजेचा भाग मात्र पाण्यात बुडवू नका.