वारा पडला की गणित अडतं

लोणी काळभोरला इंधनाच्या टाक्या आणि टँकरच्या रांगांचं अप्रूप उरलेलं नाही. अशा ठिकाणी गळती झाली तर आग कुठवर पोचेल, हे संगणकावर आधीच मांडून पाहतात. पडद्यावरची लाल-पिवळी चित्रं मोठी खात्रीची वाटतात. पण त्यामागचं जुनं, सोपं आणि अजून वापरात असलेलं सूत्र वाऱ्याच्या वेगाने भागाकार करतं. वारा पडला की भाजक शून्य! मग थोडा तरी वारा आहे असं धरून पुढे जायचं. गफलत नेमकी इथे होते. ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे इंग्लंडमधल्या बन्सफील्डला टाकी ओसंडून सुमारे अडीच लाख लिटर पेट्रोल सांडलं, तेव्हा हवा थंड आणि जवळपास निश्चल होती. हवेहून जड वाफ विरली नाही, पुराच्या पाण्यासारखी सखल बाजूंना पसरली. २९ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी जयपूरच्या सीतापुऱ्यात इंधनाची गळती होऊन भडका उडाला, तेव्हाही वारा मंदच होता; तिथे ११ माणसं गेली. आणि जमिनीलगत गारठा साचून वारा गपगार होणाऱ्या रात्री मुळा-मुठेच्या काठाला नव्या नाहीत.

बन्सफील्डने दुसरं कोडंही घातलं. मोकळ्यावरची वाफ भपकन पेटेल, पण मोठा दणका देणार नाही, असा हिशोब होता; प्रत्यक्षात प्रचंड स्फोट झाला. रविवारची पहाट होती म्हणून कोणी दगावलं नाही इतकंच. तपासात बोट गेलं ते रस्त्याकडेच्या झाडाझुडपांकडे: फांद्यांतून जाताना ज्वाळा विस्कटते, तिचा पृष्ठभाग वाढतो, ती अधिक वेगाने जळते आणि आणखी विस्कटते. खरं तर खाणवाल्यांना हे ठाऊक होतं. चॅपमन आणि रिचर्ड व्हर्नन व्हीलर यांनी १९२६ मध्ये मिथेन-हवेने भरलेल्या नळीत कड्या बसवल्या, तर अडथळ्यांनी ज्वाळा मंदावण्याऐवजी सुसाट सुटली. कोळशाच्या खाणीतल्या स्फोटांसाठी केलेला हा साधा प्रयोग ऐंशी वर्षांनी झाडांच्या रांगेत खरा ठरला.

आजच्या प्रणाली हवेचे लाखो घनाकार तुकडे पाडून निश्चल हवाही हाताळतात, मग तक्रार कसली? हाताळतात, कबूल. पण टाक्या आणि नळ आराखड्यात असतात, कुंपणाबाहेरची बाभळीची रांग नसते. ती कोणीतरी भरावी लागते. टाकी भरल्याचा इशारा मिळतोच, असंही कोणी म्हणेल. बन्सफील्डच्या टाकीला पातळीमापक होता आणि वेगळा स्विचही. मापक अडकला, स्विच चाललाच नाही. झाडं तोडायची गरज नाही. डिसेंबरच्या पहाटेची हवा धरून आणि ती हिरवी रांग दर काही वर्षांनी नव्याने मोजून गणित मांडावं लागेल.