एकाच मुंबईत ९४४ आणि ७३

२६ जुलै २००५. त्या दिवशी सकाळी साडेआठपासून पुढच्या २४ तासांत मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. पुण्यात सबंध वर्षभरातही सरासरी एवढा पाऊस पडत नाही. आणि कुलाब्याच्या वेधशाळेत? फक्त ७३ मिलिमीटर! दोन्ही ठिकाणांमधलं अंतर जेमतेम विसेक किलोमीटर.

मोसमी वारे हजारो किलोमीटर पसरलेले असतात. सांताक्रूझला एक आणि कुलाब्याला दुसरा, असा भेदभाव त्यांना एकट्याने जमणार नाही. उलट एखादा सुटा ढग दोन-चार किलोमीटर रुंद. त्याच्यात एवढं पाणीच नसतं. हा उद्योग मधल्या आकाराचा. साधारण २ किलोमीटरपासून २,००० किलोमीटरपर्यंतच्या अशा घडामोडींना शास्त्रज्ञ ‘मेसोस्केल’ म्हणतात. किनाऱ्यावर दुपारी सुटणारे खारे वारे, वळवाचं वादळ, गडगडाटी ढगांचा जथा, ही सगळी मंडळी यातलीच.

आता जरा हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, की तिथे १ लिटर पाणी जमतं. म्हणजे ९४४ मिलिमीटर पावसात तेवढ्याशा जागेवर ९४४ लिटर, वजनाने जवळजवळ एक टन! १० किलोमीटर लांब आणि तेवढ्याच रुंद भागावर असा पाऊस पडला, तर पाणी होईल ९,४४० कोटी लिटर. दहा हजार लिटरचे टँकर भरायचे म्हटलं, तर ते लागतील ९४ लाख.

एवढं पाणी आभाळात मावतं तरी कसं? मावतच नाही. भर पावसाळ्यातही एक चौरस मीटर जागेवरच्या सगळ्या हवेत मिळून ६०-७० लिटर पाण्याची वाफ असते. म्हणजे ९४४ लिटरसाठी ती हवा एका दिवसात चौदा-पंधरा वेळा रिकामी होऊन पुन्हा भरायला हवी. अरबी समुद्रावरून दमट हवा येत राहते, वर चढते, थंड होते आणि वाफेचं पाणी होतं. तसं होताना दर लिटरमागे सुमारे ०.७ युनिट विजेइतकी उष्णता बाहेर पडते. ९४४ लिटरमागे साडेसहाशे युनिट! या उष्णतेने हवा आणखी वर झेपावते, खालून नवी दमट हवा ओढली जाते आणि जुने ढग रिते होताहेत तोवर त्याच जागी नवे उभे राहतात. असे ढग १५ किलोमीटरपर्यंत उंच जातात. एव्हरेस्ट ९ किलोमीटरसुद्धा नाही!

मग याचा अंदाज आधी का येत नाही? संगणक अंदाज काढताना नकाशावर चौकोन आखतो. चौकोन ५० किलोमीटरचा असेल, तर कुलाबा आणि सांताक्रूझ एकाच चौकोनात येऊ शकतात. दोघांची सरासरी ५०९ मिलिमीटर, आणि एवढा पाऊस दोन्हीकडे पडलेलाच नाही! जाळ्याची भोकं मोठी असली की लहान मासळी निसटते, तसंच हे.

चौकोन ५ किलोमीटरचे केले, तर त्यांची संख्या १०० पट होते. शिवाय हिशेबही दहापट कमी वेळाच्या अंतराने करावा लागतो. म्हणजे काम १,००० पट! एवढं सगळं करून उत्तर पाऊस पडायच्या आत यायला हवं, आणि एकेका गडगडाटी ढगाचं आयुष्य असतं फार तर तासाभराचं.