प्रतिध्वनीची कैफियत

माथेरानच्या एको पॉइंटवर उभे राहून समोरच्या कड्याला उद्देशून ज्याने आपलेच नाव पुकारले नाही असा प्रवासी विरळा. परंतु त्या ठिकाणाच्या इंग्रजी नावाआड एक ग्रीक वनदेवता उभी आहे, आणि ती एका प्रेमापायी देहाला मुकली, हे तेथे घसा फोडणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानी येत असावे. कड्यावरून परतलेला ध्वनी मूळ ध्वनीपासून वेगळा ऐकू येण्यास एक दशांश सेकंदाचे अंतर पडावे लागते, म्हणून अडथळा निदान १७ मीटर दूर हवा, एवढा हिशेब पदार्थविज्ञानाच्या क्रमिक पुस्तकाने केव्हाच चुकता केला आहे. राहता राहिली ती एको नावाची मुलगी.

तिला अप्सरा म्हणण्याचा आपला प्रघात फारसा बरोबर नाही. आपली अप्सरा इंद्राच्या दरबारची, नृत्यगायनाची चाकरी बजावणारी. ग्रीकांची निम्फ मात्र झऱ्याची, वृक्षाची, डोंगराची, त्या त्या जागेशी बांधलेली, आणि म्हणून आपल्या डोहांवरच्या साती आसरांशी तिचे नाते अधिक जवळचे. एको ही डोंगरावरची. तिची जी कथा आज सर्वतोमुखी आहे ती मात्र ग्रीक नव्हे, रोमन आहे. ओव्हिड या लॅटिन कवीने आपल्या ‘मेटॅमॉर्फोसिस’ या रूपांतरांच्या महाकाव्याच्या तिसऱ्या सर्गात ती सांगितली. हे काव्य पुरे होण्याच्या सुमारास, म्हणजे इ. स. ८ मध्ये, सम्राट ऑगस्टसच्या हुकमाने कवीची रवानगी काळ्या समुद्राकाठच्या टोमिस या गावी झाली, आणि रोमला परतण्यासाठी त्याने तेथून धाडलेल्या साऱ्या अर्जविनंत्या व्यर्थ गेल्या.

ओव्हिडखेरीजचे दफ्तर चाळू लागले की मौज वाटते. युरिपिडीसच्या ‘अँड्रोमेडा’ नाटकात (इ. स. पू. ४१२) खडकाला जखडलेल्या राजकन्येच्या विलापाला गुहेतून साद मिळते ती एकोची, आणि दुसऱ्याच वर्षी अ‍ॅरिस्टोफनीसने त्याच प्रसंगाचे असे विडंबन केले की स्त्रीवेष घेतलेला एक म्हातारा, त्याच्यावर पहारा करणारा मोडकीतोडकी ग्रीक बोलणारा सिथियन शिपाई, आणि प्रत्येकाचे शब्द परत फेकून दोघांनाही जेरीस आणणारी वाचाळ एको, असा धुमाकूळ रंगभूमीवर उडाला. पुढे लाँगसच्या ‘डॅफ्निस आणि क्लोई’ या कादंबरीतली एको निराळीच: कलादेवतांनी संगीत शिकविलेली, पुरुषजातीपासून दूर राहणारी, तिच्या गाण्याचा हेवा आणि तिच्या नकाराचा राग यांनी पेटलेला रानदेव पॅन गुराख्यांना वेड लावतो, ते तिचे गात्र न् गात्र ओरबाडून रानोमाळ फेकतात, आणि धरणी ते अवयव पोटात घेते, ते गातच असताना. मला स्वतःला ही कथा ओव्हिडच्या कथेहून अधिक भयंकर वाटते. मॉस्कस या कवीकडे तीच एको एका विनोदी साखळीत अडकते: पॅनचे मन तिच्यावर, तिचे सॅटर जातीच्या एका वनपुरुषावर, आणि त्या सॅटरचे तिसरीवर.

ज्याच्या प्रेमापायी एको देहाला मुकली त्या नार्सिससचा, म्हणजे पाण्यातल्या स्वतःच्याच प्रतिबिंबावर भाळलेल्या तरुणाचा, यांपैकी कोठेही पत्ता नाही, आणि नार्सिससच्या जुन्या कथांत एकोचा नाही. ऑगस्टसच्याच काळातला कोनॉन थेस्पीच्या नार्सिससची हकीगत देतो, तीत झिडकारला गेलेला प्रेमिक अमीनियस नावाचा पुरुष असून तो नार्सिससनेच धाडलेल्या तलवारीने त्याच्याच दारात प्राण देतो. दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनियस तर थेस्पीच्या मुलखातला तो झरा नमूद करून वर फटकारतो की, प्रेमात पडण्याइतके वय झालेल्या माणसाला आपले प्रतिबिंब ओळखू येऊ नये हा शुद्ध मूर्खपणा होय. आणि मग मेलेल्या जुळ्या बहिणीची आठवण म्हणून नार्सिसस पाण्यात पाहात असे, अशी सोज्ज्वळ सारवासारव पुढे करतो. पॉसेनियससारखी माणसे प्रत्येक काळात असतात, आणि आख्यायिकांचे फार नुकसान करतात.

ज्याला स्वतःच्या रूपाखेरीज काही दिसत नाही तो, आणि जिला दुसऱ्याच्या शब्दाखेरीज काही बोलता येत नाही ती, यांना ओव्हिडने एका रानात आणले. एकोवरील आरोपाचा तपशील वाचताना मात्र न्यायाची चाड असलेल्या माणसाचे मन खट्टू होते. देवांचा राजा ज्युपिटर डोंगरातल्या वनदेवतांशी रंगलेला असताना त्याची राणी जूनो त्याच्या मागावर येई, तेव्हा तिला लांबलचक बोलण्यात गुंतवून ठेवून सख्यांना निसटण्यास अवधी मिळवून द्यावा, एवढाच एकोचा गुन्हा. मूळ अपराधी स्वर्गाच्या गादीवर कायम राहिला आणि शिक्षा फर्मावली गेली ती मध्यस्थावर. यापुढे आपण होऊन तिने काही बोलू नये, आणि कोणी बोलला तर गप्पही राहू नये. फक्त त्याच्या वाक्याची शेपटी परत करावी.

चित्रकारांनी या कथेतून बहुधा मुलगाच उचलला. रोममधल्या काराव्हाज्जोच्या चित्रात पाण्यावर ओणवा झालेला नार्सिसस एकटाच आहे, आणि १९१४ मध्ये फ्रॉइडने आत्मासक्तीवर प्रबंध लिहिला तोही त्याच्याच नावाने. वॉटरहाउसने १९०३ मध्ये रंगविलेल्या चित्रात (ते लिव्हरपूलला आहे) एको निदान पलीकडच्या काठावर बसून त्याच्याकडे पाहते आहे. ग्लुकने १७७९ मध्ये पॅरिसमध्ये दोघांवर संगीतिका सादर केली. ती पडली, आणि तो व्हिएन्नाला निघून गेला.

ओव्हिडचे खरे कसब मात्र दोघांच्या संवादात आहे. सोबत्यांपासून चुकलेला सोळा वर्षांचा नार्सिसस हाका मारतो. ती त्याच्याच शब्दांची शेपटे परत करते, पण अशी की चौकशीचे आमंत्रण व्हावे. अखेर ती झाडीतून धावत येऊन गळामिठी घालू पाहते, तेव्हा तो मागे सरून म्हणतो की हिची सत्ता आपल्यावर चालण्यापूर्वी मरण येईल. लॅटिनमध्ये मरणाची भाषा वाक्याच्या आरंभी येते आणि सत्तेची शेवटी. शिवाय तेथील क्रियापदाचे एकच रूप ‘होण्याआधी’ या अर्थालाही चालते आणि ‘होवो’ या अर्थालाही. ती फक्त उत्तरार्ध उच्चारते, आणि तिरस्काराचे समर्पण होते. जिच्याजवळ स्वतःचा एकही शब्द उरलेला नाही ती अशी, केवळ कोठून उचलावे एवढ्या अधिकाराच्या बळावर, आपले मन बोलून दाखवते.

हा संवाद मराठीत उतरवण्याची खटपट मी काही दिवस केली. पहिल्या मसुद्यात नार्सिसस म्हणे, “मी तुझा होणार नाही”. आणि आमच्या भाषेत नकार वाक्याच्या अखेरीस बसत असल्यामुळे बिचारी एको दरीभर ‘नाही, नाही’ एवढेच घुमवीत राही. ‘तुझा’ शब्द शेवटी आणावा तर लिंगाची पंचाईत, कारण तिच्या तोंडी तो पुल्लिंगी शब्द शोभेना. मग मूळ अर्थाशी इमान राखून लिहिले: “माझ्यावर तुझी सत्ता चालण्याआधी मी मरेन.” लिंगाचा प्रश्न मिटला, आणि मराठी वाक्याच्या रीतीप्रमाणे तिच्या वाट्याला शेपूट आले ते असे: “मी मरेन.” लॅटिनमधली एको या ठिकाणी स्वतःला देऊ करते, मराठीतली पुढची हकीगत सांगून टाकते. ओव्हिडच्या काव्यात यानंतरच्या काही ओळींतच ती गुहांच्या आश्रयाला जाते, झोप उडते, अंगातला ओलावा हवेत विरतो, आणि हाडांचे दगड होतात.