‘मोअर बेटर’ नको, नुसतं ‘बेटर’ पुरे!

व्हायवामधला एक नेहमीचा प्रश्न घ्या. ओव्हरहेड लाइनला कॉपर सोडून ॲल्युमिनियम का वापरतात? उत्तर आपल्याला येत असतं, पण इंग्रजीत सांगताना गाडी अडते. कारण हे उत्तर म्हणजे सगळी तुलनाच आहे.

मराठीत तुलनेसाठी विशेषणाला हात लावावा लागत नाही. जड, त्यापेक्षा जड, सर्वांत जड. इंग्रजीत मात्र विशेषण स्वतःच बदलतं. तसा हा प्रकार आपल्याला अगदीच परका नाही. शाळेतले लसावि-मसावि आठवा! ‘लघुतम’ आणि ‘महत्तम’ यांतला ‘तम’ म्हणजे संस्कृतातला सुपरलेटिव्हच.

नियम साधारण असा आहे. छोट्या, एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या शब्दाला ‘अर’ आणि ‘एस्ट’ लावा: हार्ड, हार्डर, हार्डेस्ट. हेवीसारख्या शब्दांचंही तसंच: हेविअर, हेविएस्ट. लांबलचक शब्दांपुढे ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’: मोअर एफिशियंट, मोस्ट एफिशियंट. दोन्ही एकदम कधीच नाही, म्हणून ‘मोअर बेटर’ चूक. गुड-बेटर-बेस्ट आणि बॅड-वर्स-वर्स्ट हे सरळ पाठ करा.

आता आपण हमखास फसतो त्या तीन जागा बघू.

पहिली, ‘जास्त’. आपण सगळीकडे ‘जास्त’ म्हणतो, म्हणून ‘टेम्परेचर इज मोअर’ लिहून मोकळे होतो. टेम्परेचर, प्रेशर, स्पीड, कॉस्ट यांना ‘हायर’ किंवा ‘लोअर’ म्हणायचं.

दुसरी, ‘द डेन्सिटी ऑफ कॉपर इज हायर दॅन ॲल्युमिनियम.’ इथे घनतेची तुलना थेट धातूशी झाली! ‘दॅन दॅट ऑफ ॲल्युमिनियम’ असं हवं.

तिसरी, ‘सिल्व्हर इज अ बेटर कंडक्टर दॅन एनी मेटल.’ अहो, चांदी हासुद्धा धातूच ना? मग ती स्वतःपेक्षा चांगली कशी? ‘एनी अदर मेटल’ म्हणा. नाहीतर सरळ ‘द बेस्ट कंडक्टर अमंग मेटल्स’. सुपरलेटिव्हच्या आधीचा ‘द’ विसरू नका.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्या बरं: ‘कॉपर इज अ बेटर कंडक्टर, बट ॲल्युमिनियम इज लायटर अँड चीपर.’ झालं! पुढे आकडे जोडा. घनता कॉपरची सुमारे ८.९६ आणि ॲल्युमिनियमची २.७ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. एवढ्यावर समोरचा समाधानाने मान हलवतो.

प्रोजेक्ट रिपोर्टमध्येही हेच पथ्य पाळा. ‘अवर मोटर इज मोअर एफिशियंट’ एवढंच लिहिलंत, तर परीक्षक विचारणारच, ‘कशापेक्षा? किती लोडला?’ ‘दॅन’च्या पुढची जागा रिकामी ठेवली की तुलना नुसती जाहिरात होते. तेव्हा ‘अर’ लिहिलात की ‘दॅन’ आणि आकडा दोन्ही शोधा. इंग्रजी सुधारेल आणि इंजिनिअरिंगही!