जुन्या मराठी फाईलींचे बिऱ्हाड

हैदराबादेतील मराठी कुटुंबांनी परमुलखात बिऱ्हाड मांडले, ते देव्हारा आणि पाटावरवंटा बरोबर घेऊनच. संगणकावरील आज्ञावलीलाही असेच बिऱ्हाड करता येते, आणि आपल्या समाजाने त्याची दखल घ्यावयास हवी.

युनिकोड रुळण्यापूर्वी स्मरणिका, इतिवृत्ते आणि वंशावळी पुण्याच्या सी-डॅकची ‘आयएसएम’ किंवा ‘श्रीलिपी’ यांसारख्या आज्ञावलींवर जुळवीत. प्रत्येकीच्या अक्षरसंचाची मांडणी निराळी. ती फाईल आज नव्या यंत्रावर उघडावी, तर देवनागरीऐवजी निरर्थक रोमन चिन्हांचा सडा दिसतो. मजकूर शाबूत आहे. तो वाचणारी आज्ञावली तेवढी हरवली आहे.

येथे दोन युक्त्या एकत्र येतात. पहिलीत आज्ञावली यंत्रावर न बसविता तिच्या फाईली, अक्षरसंच व नोंदी एका गाठोड्यात बांधतात. बोस्टनच्या सॉफ्ट्रिसिटीची ‘सॉफ्टग्रिड’ ही अशीच योजना. मायक्रोसॉफ्टने ती कंपनी २००६ मध्ये घेतली व पुढे त्या योजनेस ‘अ‍ॅप-व्ही’ म्हटले. दुसरी युक्ती १९८९ मध्ये स्थापन झालेल्या सिट्रिक्सने रूढ केली. तीत आज्ञावली दूरच्या सर्व्हरवर चालते; घरी पडद्याचे चित्र येते आणि कळफलकाचे ठोके परत जातात.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तशा परस्परविरोधी आज्ञावली पूर्वी एका सर्व्हरवर नांदत नसत. त्यांसाठी वेगळे सर्व्हर लागत. गाठोडी झाल्यावर त्या एकत्र नांदू लागल्या. म्हणजे जुनी आज्ञावली एकदा बांधून मंडळाच्या सर्व्हरवर ठेवली, तर सभासदांस ती घरबसल्या वापरता येईल.

मर्यादाही ध्यानी घ्याव्यात. गाठोड्यास यजमान विंडोजच्याच आश्रयाने राहावे लागते. म्हणून सोळा-बिटी आज्ञावली चौसष्ट-बिटी विंडोजवर चालत नाही. जुन्या आज्ञावलीस हार्डवेअर-कुलूप लागत असल्यास त्याचा ड्रायव्हर गाठोड्यात बांधता येत नाही. शिवाय परवाना हवाच.

म्हणून ही व्यवस्था कायमचे घर नव्हे, धर्मशाळा होय. जुने यंत्र सुरू आहे तोवर फाईली उघडाव्या, मजकूर युनिकोडमध्ये उतरवावा आणि मूळ प्रतीशी ताडून पाहावा. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये याच शहरी विकासकेंद्र उघडले. संगणकक्षेत्रातील जाणकार येथे घरोघरी आहेत. त्यांनी हात द्यावा, वडीलधाऱ्यांनी अक्षरे ताडावीत. दोन पिढ्यांनी मिळून करावे असे हे काम आहे.