किल्ली कुणाच्या कनवटीला?

कागलच्या गैबी चौकात परवा एक माजी विद्यार्थी भेटला. चेहरा उतरलेला. “सर, मोबाइलमधलं आभासी चलनाचं पाकीटच कंपनीनं बंद केलं! ताईच्या लग्नाचे पैसे होते हो!”

मुंबईच्या कॉइनेक्स या बाजाराने २७ जून २०१९ रोजी असाच गाशा गुंडाळला. बँकांना या व्यवहारांपासून दूर ठेवणारे रिझर्व्ह बँकेचे २०१८चे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. पण दुकान केव्हाच मिटले होते.

मी विचारले, “सुरुवातीला दिलेले बारा शब्द लिहून ठेवलेस?” वाचकहो, अशा पाकिटात नाणी नसतातच, असते ती किल्ली, आणि शब्द हा तिचा साचा. ते जवळ असले, तर दुसऱ्या पाकिटातून धन हाती येते. किल्ली कंपनीकडेच असली, तर मात्र तिच्या मर्जीवर सारे!

रात्री त्याचा फोन आला. जुन्या वहीत शब्द सापडले होते. आमची आजी किल्ली कनवटीला का लावी, ते तेव्हा उमगले.